पहिले भाड्याचे घर: सांगलीत फ्लॅट घेण्यापूर्वी सोडवायचे प्रश्न

"बारा लाख साठले आहेत, विश्रामबागला एक फ्लॅट घेऊन ठेवू का?" हा प्रश्न ओळखीतल्या नोकरदार मंडळींकडून मला दरवर्षी अनेकदा विचारला जातो, आणि त्यापाठोपाठ "किंमत वाढेल ना?" हा दुसरा प्रश्न ठरलेलाच असतो. "हे घर सहा महिने रिकामे पडले तर बँकेचा हप्ता मी कशातून भरणार?" हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी, कारण किंमत वाढणे कोणाच्याच हातात नसते. वाढ होईपर्यंत घर न विकता सांभाळता येणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या तयारीवर अवलंबून असते. पहिल्या घरात नुकसान सोसलेल्या ज्या लोकांना मी जवळून पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचे घर वाईट नव्हते. ते त्यांना चुकीच्या वेळी विकावे लागले होते.

पुढचे मार्गदर्शन स्वतः राहण्याच्या घराविषयी नसून, भाड्याने देण्यासाठी पहिलेच घर घेणाऱ्या माणसासाठी आहे. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपण पाहत असलेल्या घराचे खरे आकडे त्या जागी घालून हिशेब पुन्हा करावा.

पहिली पायरी: घराची खरी किंमत काढणे

समजा, ३२ लाख रुपयांना एक तयार फ्लॅट ठरतो आहे. महापालिका हद्दीत अधिभारासह मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के धरले तर १ लाख ९२ हजार रुपये होतात. निवासी घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. नोंदणी फी १ टक्का असली तरी तिची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आहे. वकील आणि शोध अहवालासाठी २० हजार, रंग, दिवे, पंखे, नळ आणि किरकोळ दुरुस्तीसाठी १ लाख धरले, तर हे घर आपल्याला ३५ लाख ४२ हजारांना पडते. ३२ लाखांच्या वरचे जवळपास साडेतीन लाख रुपये घर विकताना आपणहून परत येत नाहीत. किंमत दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली, असे मानले तरी केवळ हा खर्च भरून निघायला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. "घेऊ, आणि वर्षभरात फायदा काढून बाहेर पडू" हा विचार म्हणूनच नवख्या माणसाने मनातून काढून टाकावा.

आता भाडे पाहू. महिना ९ हजार रुपये भाडे मिळते आणि भाडेकरू बदलताना वर्षातला एक महिना घर रिकामे राहते, असे धरले तर वर्षाला ९९ हजार रुपये हाती येतात. त्यातून ८ हजार घरपट्टी, इमारतीच्या देखभालीचे १२ हजार आणि घरातल्या दुरुस्तीचे ९ हजार वजा जाता ७० हजार उरतात. देखभाल खर्च भाडेकरूने द्यायचा असे काही ठिकाणी ठरते, पण मग तो भाड्यात घासाघीस करतो. त्यामुळे हिशेबात तो आपल्याच बाजूला धरणे सुरक्षित ठरते. साडेपस्तीस लाखांवर ७० हजार म्हणजे जेमतेम २ टक्के उत्पन्न झाले.

हीच रक्कम ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवली असती तर वर्षाला सुमारे २ लाख ४८ हजार व्याज मिळाले असते. याचा अर्थ, करांचा विचार बाजूला ठेवला तरी ठेवीची बरोबरी करण्यासाठीच या घराची किंमत दरवर्षी साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढायला हवी. हा हिशेब मांडून कोणाचा विरस करण्याचा माझा हेतू नाही. मी स्वतः घरात गुंतवणूक केली आहे आणि तिचा मला पश्चात्ताप नाही. परंतु आपण भाड्यासाठी घर घेत आहोत की वाढीच्या आशेवर घेत आहोत, हे कागदावर स्पष्ट दिसले पाहिजे, आणि वाढीच्या आशेवर घेत असू तर तिची किंमत दरमहा किती मोजावी लागणार, हेही ठाऊक असले पाहिजे.

दुसरी पायरी: कर्ज किती घ्यावे

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात ही मर्यादा ८० टक्के आणि त्याच्या वर ७५ टक्के आहे. बँक देऊ शकते म्हणून तेवढे घ्यावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. वरच्या उदाहरणात २४ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २० हजार ८०० रुपये पडतो. वर्षाचे अडीच लाख भरायचे आणि घरातून ७० हजार यायचे, म्हणजे दरमहा १५ हजार रुपये पगारातून घालावे लागतात, आणि घर रिकामे असेल त्या महिन्यात अख्खा हप्ता अंगावर येतो. याखेरीज खरेदीच्या वेळी स्वतःचे ११ लाख ४२ हजार घातलेले असतात, ते वेगळेच.

माझी सूचना अशी आहे की, सहा महिन्यांचे पूर्ण हप्ते आणि सहा महिन्यांचा घरखर्च एवढी रक्कम वेगळ्या खात्यात शिल्लक राहणार असेल, तरच विसार, म्हणजे व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम, द्यावा. बारा लाख जमलेल्या माणसाने बाराही लाख घरात घातले, तर पहिल्याच आजारपणात त्याला घराचे गिऱ्हाईक शोधावे लागेल.

तिसरी पायरी: भाडेकरू कोण, हे आधी ठरवणे

आपल्याकडे घर बघताना लोक आधी हॉल किती मोठा आहे ते बघतात. भाड्याच्या घराच्या बाबतीत आधी माणूस बघावा. विश्रामबाग परिसरात वालचंद अभियांत्रिकी आणि विलिंग्डन ही दोन जुनी महाविद्यालये असल्यामुळे विद्यार्थी, प्राध्यापक आणि बदलीवर आलेले नोकरदार यांची मागणी असते. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अनेक रुग्णालये आणि रेल्वे जंक्शन असल्यामुळे परिचारिका, निवासी डॉक्टर आणि रेल्वे कर्मचारी घरे शोधतात. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांना लहान, स्वस्त आणि कामाच्या ठिकाणाजवळचे घर हवे असते. त्यांना तिसरी बेडरूम नको असते. विद्यार्थ्यांना दिलेले घर जास्त भाडे देते, पण लवकर झिजते, शिवाय परीक्षा संपल्या की ते रिकामे होण्याचा धोका असतो. कुटुंबाला दिलेले घर कमी भाडे देते, परंतु चार-चार वर्षे हलत नाही. पहिल्या घरासाठी मी कुटुंबाचाच पर्याय सुचवेन.

भाडे किती मिळेल, हे विकणाऱ्याला किंवा एजंटला विचारू नये. त्याच गल्लीत भाडेकरू म्हणून जाऊन तीन-चार घरे पाहावीत, किती भाडे आणि किती डिपॉझिट मागतात ते लिहून घ्यावे, आणि घर किती दिवसांपासून रिकामे आहे हे शेजाऱ्यांना किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावे. दोन रविवारांत हे काम होते, आणि वरच्या हिशेबातला भाड्याचा आकडा त्यातूनच खरा ठरतो.

चौथी पायरी: पाणी

सांगलीत घर घेणाऱ्याने या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा. कृष्णेच्या पाण्याची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात; तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये हे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि २००५ तसेच २०२१ सालीही शहराने महापूर पाहिला. म्हणून एखाद्या घराविषयी "इथे पाणी येते का?" असा मोघम प्रश्न विचारू नये. "आयर्विनला किती फूट झाले की या गल्लीत पाणी येते?" असे विचारावे. जुन्या रहिवाशांना ते फुटाच्या हिशेबात ठाऊक असते. पातळी चाळिशीला टेकू लागली की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांतल्या कुटुंबांना सामान हलवावे लागते. इतर काही भागांत मात्र पाणी फक्त २०१९ लाच आले. या दोन घरांची किंमत आणि जोखीम एक असूच शकत नाही.

पाटबंधारे खात्याने आखलेली निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि दोन्ही रेषांमधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीसारख्या अटी पाळाव्या लागतात. आपला सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, याची माहिती महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी घ्यावी.

वरच्या मजल्यावर घर आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. पार्किंगमध्ये पाणी शिरले की विजेचे मीटर, पाण्याची मोटर आणि लिफ्ट बंद पडते, इमारतीचा सर्वांनी मिळून करायचा खर्च वाढतो आणि चौथ्या मजल्यावरचा भाडेकरूही घर सोडतो. नदीच्या पुराखेरीज पावसाच्या साचलेल्या पाण्याचा प्रश्न वेगळाच आहे. शामरावनगरसारख्या सखल भागात नदी पात्रात असतानाही पाणी तुंबते. मी माझे पहिले घर एप्रिल महिन्यात, कोरड्या रस्त्यावर उभे राहून पसंत केले होते. जुलैत त्या गल्लीत गुडघाभर पाणी साचले, ऑगस्टमध्ये भाडेकरू गेला आणि ते घर दिवाळीनंतरच पुन्हा लागले. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की, घर उन्हाळ्यात आवडले तरी शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ द्यावा, आणि तेवढे थांबता येत नसेल तर तळमजल्यावरच्या भिंतींवर पाण्याची खूण शोधावी व मीटरची पेटी किती उंचीवर बसवली आहे ते पाहावे.

पाचवी पायरी: तयार घर, बांधकाम चालू असलेले घर की प्लॉट?

बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. परवडणाऱ्या घरांसाठी तो १ टक्का आणि इतर घरांसाठी ५ टक्के आहे. आपल्यासारख्या बिगर-महानगर शहरात ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र (घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) आणि ४५ लाखांपर्यंत किंमत, या दोन्ही अटी पूर्ण झाल्या तर १ टक्क्याचा दर मिळतो. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नाही.

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरेही आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात, नोंदणी बंधनकारक आहे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशा, घर ताब्यात देण्याची कबूल केलेली तारीख, जमिनीवरचा बोजा आणि चालू दावे दिसतात. करारनामा नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिल्यास तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. दर नेहमी चटई क्षेत्रावर काढून तुलना करावी, कारण "सुपर बिल्टअप" या शब्दाखाली जिना आणि गच्चीही आपल्याला विकली जाते. नवख्या गुंतवणूकदाराने तयार, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेले घर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भाडे पुढच्या महिन्यापासून सुरू होते आणि घर कसे आहे ते डोळ्यांना दिसते.

प्लॉटचा मोह सांगलीकरांना फार असतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि शहराच्या कडेला दोन गुंठे मिळत असतील तर फ्लॅट कशाला घ्यायचा, असा प्रश्न विचारला जातो. प्लॉटला भाडे नसते, ही पहिली गोष्ट. दुसरी आणि गंभीर गोष्ट म्हणजे गुंठेवारी. शेतजमिनीचे बिनशेती परवानगी व मंजूर रेखांकनाशिवाय तुकडे पाडून ते विकण्याचा प्रकार आपल्या शहराभोवती इतका झाला की, संपूर्ण उपनगरे तशी उभी राहिली. अशा वसाहती नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला. वसाहत कोणत्या तारखेपर्यंतची असावी, याची त्यातली मुदत आधी १ जानेवारी २००१ ची होती, ती २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र हातात नसलेला गुंठेवारी प्लॉट, विशेषतः नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर किंवा सातबाऱ्यावर पाच-सहा जणांची नावे एकत्र घालून विकला जाणारा, कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. "पुढे नियमित होईल" हे विकणाऱ्याचे वाक्य कोणत्याही कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही. आणि प्लॉट बिनशेती झालेला नसेल, तर शेतकरी नसलेल्या माणसाला तो सहसा विकत घेता येत नाही.

सहावी पायरी: कागद

आपला स्वतःचा वकील नेमावा. विकणाऱ्याने सुचवलेला नको. "बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद स्वच्छच असणार" या समजुतीवर अनेक जण विसंबतात, परंतु बँकेचा वकील बँकेचे कर्ज सुरक्षित आहे की नाही एवढेच पाहतो, आपल्या पुढच्या वीस वर्षांची काळजी करणे हे त्याचे काम नसते. वकिलाने किमान ३० वर्षांचा शोध घेऊन लेखी अहवाल द्यावा, आणि त्यात सातबारा किंवा मिळकत पत्रिका, त्यावरचे सर्व फेरफार, सूची क्रमांक दोनच्या (नोंदवलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याच्या) नोंदी, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांचा स्वतंत्र उल्लेख असावा. जमीन भोगवटादार वर्ग-२ असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय ती हस्तांतरित होत नाही, म्हणून उताऱ्यावरची ती एक ओळ मुद्दाम वाचावी.

जुन्या गावभागातला वाडा पाडून झालेल्या इमारतीत घर घेताना वारसांची चौकशी अधिक खोल करावी लागते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असे स्पष्ट केले. "बहिणींनी तोंडी हक्क सोडला आहे" असे विकणारा म्हणत असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागावे. ते नसेल तर बहिणींना खरेदीखतावर संमतीदार म्हणून सही करायला बोलवावे. दोन्ही होत नसेल तर तो व्यवहार सोडून द्यावा. भावाबहिणींच्या मनातली गोष्ट आपल्या पैशावर निकालात निघू नये.

पुनर्विक्रीच्या फ्लॅटमध्ये आणखी तीन कागद लागतात: मागच्या सर्व खरेदीखतांची मूळ साखळी, सोसायटी किंवा अपार्टमेंटचा थकबाकी नसल्याचा दाखला, आणि विकणाऱ्याचे घरावर कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र. इमारतीखालची जमीन कोणाच्या नावे आहे, हेही विचारावे. ती अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावे राहिली असेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचे, म्हणजे ती जमीन कायद्याने सोसायटीच्या नावे करून घेण्याचे, काम सभासदांच्या अंगावर केव्हातरी येणारच असते.

सातवी पायरी: विसार ते खरेदीखत

विसार कमीत कमी द्यावा, बँकेमार्फत द्यावा, आणि "कागद स्वच्छ न निघाल्यास किंवा कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत" ही अट पावतीत लिहून घ्यावी. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, आणि तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. विकणारा काही रक्कम "खालून" मागत असेल, तर त्यात आपलेही नुकसान आहे: तेवढ्यावर कर्ज मिळत नाही आणि पुढे विकताना आपली खरेदी किंमत कागदोपत्री कमी असल्यामुळे कर जास्त बसतो. मुद्रांक शुल्क व्यवहाराची रक्कम आणि शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दराने येणारी रक्कम, यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. म्हणून तो दर आधीच पाहून ठेवावा. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर १ टक्का कर कापून भरणे ही घेणाऱ्याची जबाबदारी असते. विकणारा परदेशस्थ असेल तर नियम निराळे आणि कपात बरीच मोठी असते, तेव्हा अशा व्यवहारात कर सल्लागाराला आधी भेटावे.

दस्त नोंदल्यावर काम संपत नाही. मिळकत पत्रिका किंवा उतारा, घरपट्टी, पाणीपट्टी, वीजजोडणी आणि सोसायटी या सर्व ठिकाणी नाव लागेपर्यंत पाठपुरावा करावा.

आठवी पायरी: भाडेकरू ठेवणे

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, इतकी ती चूक महागात पडते. खर्च मात्र किरकोळ आहे: ११ महिने, ९ हजार भाडे आणि ३० हजार डिपॉझिट असेल तर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क अडीचशे-तीनशे रुपये आणि शहरी भागात नोंदणी फी १ हजार रुपये. हे काम आता घरबसल्या ऑनलाइन होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. डिपॉझिट किमान तीन महिन्यांचे असावे आणि ते आपण खर्च करू नये, कारण ते त्याचे पैसे आहेत. घर देताना प्रत्येक खोलीचे छायाचित्र आणि मीटरचे वाचन दोघांच्या सहीने कराराला जोडावे.

कर आणि विक्री

भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीला प्रत्यक्षात कितीही खर्च झाला असो. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जावरचे व्याजही भाड्यातून वजा होते. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षीचे व्याज सुमारे दोन लाख असल्यामुळे भाड्यावर कर येणार नाही. उरलेला तोटा जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांच्या मर्यादेत पगारातून वळता करता येतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वळता होत नाही. "घर घेतले की कर वाचतो" हे वाक्य ऐकून निर्णय घेणाऱ्याने आपण कोणत्या प्रणालीत आहोत हे आधी पाहावे.

घर २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकले तर नफा दीर्घ मुदतीचा ठरतो आणि त्यावर १२.५ टक्के कर लागतो. आता घेतलेल्या घराला महागाई निर्देशांकाचा लाभ मिळत नाही. खरेदीखत, मुद्रांक शुल्काची पावती आणि घरात केलेल्या मोठ्या सुधारणांची बिले एका फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून जपावीत, कारण विकताना नफा त्याच कागदांवरून मोजला जातो. ही फाईल घरात उंचावर, पाणी पोहोचणार नाही अशा कपाटात ठेवावी. २०१९ च्या पुरानंतर ओल्या खरेदीखतांची पाने दोरीवर वाळत घालणारी माणसे मी याच शहरात पाहिली आहेत.